निकियाचा चौथा अंक परत द्या

प्रति,
‘ला बायादेर’ हा बॅले पुन्हा रंगमंचावर आणणाऱ्या कंपन्यांचे सर्व कलासंचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बॅलेचं नाव ज्या शब्दावरून आलं, तो शब्द माझ्या पणजीसारख्या बायकांसाठी वापरला जायचा. पोर्तुगीज भाषेत ‘बायलादैरा’ म्हणजे नाचणारी. भारतात आलेल्या पोर्तुगीजांनी देवळात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांना हे नाव दिलं. गोव्याच्या सरकारी कागदांत ते आमच्या बायकांसाठी येतं, आणि बहुतेक वेळा बंदीच्या हुकमांत येतं. फ्रेंचांनी तो शब्द उचलला आणि त्याचं ‘बायादेर’ केलं. तिथून तो युरोपभर फिरला. पुढे तर आडव्या रंगीत पट्ट्यांच्या कापडालाही बायादेर म्हणू लागले. आम्ही मात्र स्वतःला कलावंत म्हणत होतो.

मी फोंडा तालुक्यातली, म्हणजे गोव्याच्या अंत्रुज महालातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर लोकांनी रातोरात देव उचलून जुवारी नदीपलीकडे आणले. ते आमच्याकडे स्थिरावले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची सेवाही आली. माझी पणजी अशाच एका देवळात पालखीपुढे गायची. तिच्या आईच्या पायात घुंगरू होते. आजीला ते आठवत होते. माझ्या पिढीला फक्त पेटीतले माहीत आहेत.

हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे मागणार आहे ते ‘भावना दुखावल्या’ या मथळ्याखाली जाऊ नये. हा बॅले बंद करा असं म्हणणारे लोक आहेत. त्यांचा राग मला समजतो, पण मी त्यांच्यातली नाही. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला कव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसमध्ये मी तो पाहिला. मेलेल्या नर्तकींच्या छायांच्या प्रवेशात अंधारातून पहिली छाया उतरणीवर येते, एका पायावर झुकते, दुसरा पाय मागे लांबवते, मग मागे कलते, दोन पावलं टाकते आणि पुन्हा तेच. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. चोवीस जणी खाली येईपर्यंत एकच हालचाल चालू राहते, आणि शेजारच्या माणसाचा श्वासही ऐकू येत नाही. मला आमच्या देवळातली आवर्तनं आठवली. तोच मुखडा, तीच सम, पण प्रत्येक फेरीला आत काहीतरी खोल जात राहतं. मी रडले. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेतिपा या माणसाने हे रचलं, आणि भारत त्याने कधी पाहिलाही नव्हता. त्याला हे सापडलं याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

त्यामुळे माझं मागणं ‘थांबवा’ असं नाही. तुम्ही ही शोकांतिका पुरती करत नाही आहात, ती पुरती करा, एवढंच मी मागते.

आधी या गोष्टीत खरं काय आहे ते सांगते, कारण तुमच्या नेपथ्यकारांपेक्षा मूळ कथा लिहिणाऱ्यांना ते जास्त कळलं होतं असं मला वाटतं. निकिया देवळाची नर्तकी. सोलोर योद्धा. दोघांचं प्रेम आहे, आणि सोलोर पवित्र अग्नीवर हात धरून तिला वचन देतो. गोवळकोंड्याचा राजा आपली मुलगी गमझत्ती सोलोरला द्यायचं ठरवतो आणि सोलोर नाही म्हणत नाही. गमझत्ती निकियाला बोलावून घेते, दागिने पुढे करते आणि सांगते, हे घे आणि निघून जा. निकिया खंजीर उचलते, पण दासी मध्ये पडते.

हा प्रवेश पाहताना मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आमच्याकडे कलावंतिणीला आधार देणाऱ्या पुरुषाला यजमान म्हणत. यजमानाचं घर वेगळं, लग्नाची बायको वेगळी, वंशाचं नाव वेगळं. आमच्या घरात एक गोष्ट हळू आवाजात सांगितली जायची. यजमानाच्या घरून एकदा बांगड्या आल्या होत्या, सोन्याच्या, चार. सोबत निरोप होता. पणजीने त्या ठेवून घेतल्या की परत पाठवल्या, हे आजी दर वेळी वेगळं सांगायची. मी लहानपणी तिला खोदून विचारत असे. आता कळतं की तिला दोन्ही उत्तरं खरी वाटत असावीत.

देवाला वाहिलेली बाई कुणाची बायको होऊ शकत नव्हती. तिला अखंड सौभाग्यवती म्हणत, तिचं गाणं शुभ मानत, आणि तिच्या मुलांना बापाचं नाव देत नसत. हा पेच तुमच्या बॅलेच्या मुळाशी आहे. दुसऱ्या अंकात साखरपुड्याच्या समारंभात निकियाला नाचावं लागतं, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याच साखरपुड्यात. फुलांची परडी येते, ती सोलोरने पाठवली असं तिला वाटतं, आणि तिचा नाच एकदम हलका होतो. परडीत साप असतो. मुख्य ब्राह्मण विषावरचा उतारा पुढे करतो, अट एकच, तू माझी हो. ती सोलोरकडे बघते. सोलोर गमझत्तीबरोबर निघालेला असतो. ती उतारा नाकारते आणि मरते. सत्ता, धर्म आणि पुरुष तिघेही तिथेच उभे असतात आणि प्रत्येकजण तिला जगण्याची किंमत सांगत असतो. कलावंतिणीच्या आयुष्याबद्दल इतकं नेमकं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते.

पेतिपाच्या मूळ रचनेत चार अंक होते. तिसऱ्यात सोलोर अफू ओढतो आणि छायांच्या राज्यात त्याला निकिया भेटते. ते स्वप्न संपल्यावर चौथा अंक होता, गमझत्ती आणि सोलोरच्या लग्नाचा. लग्नात निकियाची छाया दोघांच्या मध्ये येत राहते आणि ती फक्त सोलोरला दिसते. गमझत्तीपुढे एक फुलांची परडी येते, हुबेहूब त्या पहिल्या परडीसारखी, आणि ती दचकून मागे सरते. ती लग्नाची घाई करते. ब्राह्मण दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो त्या क्षणी वीज कोसळते, देऊळ पडतं आणि सगळे त्याखाली गाडले जातात. अग्नीसमोर दिलेलं वचन मोडलं होतं, त्याचा हिशोब देव घेतात. शेवटी पावसातून हिमालयाची शिखरं दिसतात, निकिया वर आहे आणि सोलोर तिच्या पायाशी.

गोवळकोंड्याहून हिमालय दिसत नाही, हे मला माहीत आहे. ती चूक मी आनंदाने माफ करते, पण तो अंक मला हवा आहे.

क्रांतीनंतरच्या रशियात हा अंक गळला. १९४१ मध्ये व्लादिमीर पोनोमार्योव्ह आणि वाख्तांग चाबुकियानी यांनी लेनिनग्राडमध्ये जी आवृत्ती बांधली ती छायांच्या राज्यातच संपते, आणि तीच पुढे घराघरांत गेली. प्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्हने १९९२ साली पॅरिसमध्ये पूर्ण लांबीचा प्रयोग उभा केला, तोही छायांपाशी थांबला. तो तेव्हा मरणाच्या दारात होता आणि तीनच महिन्यांत गेला, म्हणून त्याला मी काही विचारणार नाही. पण तुम्हाला विचारते. छायांच्या राज्यात पडदा पाडल्यावर गोष्ट काय उरते? ज्या माणसाच्या गप्प बसण्याने निकिया मेली, त्याच माणसाच्या नशेतल्या स्वप्नात तिची गोष्ट संपते. त्या स्वप्नात ती पांढरी, शांत, सुंदर आहे आणि तिने त्याला क्षमा केली आहे. राजाला कुणी विचारत नाही. गमझत्तीला कुणी विचारत नाही. ब्राह्मण आपल्या जागी सुखरूप आहे. निकियाचा खून म्हणजे चोवीस किंवा बत्तीस सुंदर आराबेस्कपर्यंत, म्हणजे एका पायावर झुकून दुसरा मागे लांबवण्याच्या त्या हालचालीपर्यंत, पोहोचण्याचा रस्ता होऊन बसतो.

प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातात. मीही गेले असते, पण मी पाहिलेला प्रयोग नर्तकी नतालिया माकारोवाच्या आवृत्तीचा होता. तिने १९८० साली अमेरिकन बॅले थिएटरसाठी शेवटचा अंक पुन्हा उभा केला आणि जॉन लँचबेरीकडून त्याचं संगीत लिहवून घेतलं, कारण या बॅलेचा संगीतकार मिंकूस याचं मूळ संगीत हरवलं असं तेव्हा मानलं जायचं. देऊळ कोसळलं तेव्हा मला जो सुटल्यासारखा श्वास आला, तो फक्त नाच चांगला होता म्हणून नाही. कुणीतरी अखेर ‘हा खून होता’ असं म्हटलं, म्हणून.

यावर तुमच्यापैकी काहींचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक आहे, कारण एकाने ते मला दिलंय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीला मी सविस्तर पत्र पाठवलं होतं. नाव घेत नाही. तीन ओळींचं उत्तर आलं, त्याचा मतितार्थ असा की आम्ही पेतिपाची परंपरा जपतो आणि तिला हात लावत नाही.

परंपरा जपणं म्हणजे काय, हे मला तरी सांगावं लागू नये. गुरूच्या तोंडून आलेली चीज पिढ्यान्‌पिढ्या कशी राखायची असते ते आमच्या घरात लहानपणापासून पाहिलंय. म्हणून विचारते, तुम्ही जपता ती परंपरा नेमकी कुठल्या सालची? टाळ्यांचा कडकडाट घेणारी ती सोनेरी मूर्ती पेतिपाची नाही. तो नाच निकोलाय झुबकोव्स्कीने १९४८ साली घातला. निकियाचा गुलामाबरोबरचा द्वंद्वनाच कॉन्स्टंटिन सर्गेयेव्हने १९५४ मध्ये घातला. सोलोरच्या बऱ्याचशा उड्या चाबुकियानीच्या काळातल्या. १८७७ मध्ये छाया झगझगीत उजेडातल्या महालात होत्या, १९०० मध्ये पेतिपाने स्वतःच तो उजेड काढून रात्र आणली आणि छायांची संख्या ४८ केली. त्या १९००च्या प्रयोगातल्या पावलांची लिपीबद्ध टिपणं आज हार्वर्डमध्ये सुरक्षित आहेत. मिंकूसचं चौथ्या अंकाचं संगीतही पुढे सापडलं. त्यांच्या आधाराने सर्गेई विखारेव्हने सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात २००२च्या सुमारास आणि अलेक्सेई रात्मान्स्कीने बर्लिनमध्ये २०१८ मध्ये चारही अंक उभे करून दाखवले. म्हणजे कागद आहेत, सूर आहेत, करून दाखवणारी माणसं आहेत. देऊळ पाडायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. मग तसं सांगा. पेतिपाचं नाव पुढे करू नका, कारण पेतिपाने ते देऊळ पाडलं होतं.

दुसरी गोष्ट वेशाची आणि वावराची. ती थोडक्यात लिहिते, कारण यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मंदिरात फकीर आगीवरून उड्या मारत असतात. फकीर मशिदीच्या नाहीतर दर्ग्याच्या वाटेवरचा, त्याला देवळाच्या होमाभोवती चार पायांवर पळवायचं कारण काय? राजा गोवळकोंड्याचा, जिथे कुतुबशाही होती, आणि नाव दुग्मंता, जे मला तरी ‘दुष्यंत’ चुकीचा ऐकल्यासारखं वाटतं. हात कपाळावर आपटून, मग छातीशी फुली करून केलेला तो नमस्कार आमच्याकडे कुणीही कधी केला नाही. नमस्कार ही अवघड गोष्ट नाही. दोन तळवे जोडायचे आणि मान किंचित झुकवायची. तालमीत पाच मिनिटांत जमतं. अंगाला तपकिरी रंग फासणं आणि लहान मुलांचे चेहरे काळे करणं तर आजच थांबवा. पॅरिस ऑपेराने २०१५ मध्ये मुलांच्या त्या नाचाचं नाव आणि रूप बदललं, आणि त्यामुळे पेतिपाचं एकही पाऊल हललं नाही.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात २०२४ मध्ये फिल चॅन आणि डग फुलिंग्टन यांनी पावलं तीच ठेवून सगळी गोष्ट १९३०च्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये नेली. कुणाची थट्टा होऊ नये ही त्यामागची सद्भावना मी मानते. पण मला तो मार्ग नको. आम्हाला चुकीचं दाखवलं म्हणून आम्हाला गोष्टीतूनच काढून टाकलं, तर निकिया आमची राहत नाही. मला ती आमची हवी आहे.

कारण ती थोडी का होईना, आमची आहेच. १८३८ साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवळातला नर्तकींचा एक मेळ पॅरिसला गेला होता. त्यातली अमनी नावाची मुलगी पाहून फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए भारावून गेला आणि त्याने तिच्यावर पानंच्या पानं लिहिली. पुढे ‘जिझेल’ या बॅलेची कथा लिहिणाऱ्यांत तो होता, आणि १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरासाठी शाकुंतलावरचा बॅलेही त्यानेच लिहिला. त्याची नृत्यरचना मारियुसचा भाऊ लुसियाँ पेतिपा याची होती. म्हणजे तुमच्या रोमँटिक बॅलेच्या डोळ्यांसमोर एक खरी देवदासी येऊन गेली होती. तिच्या पायांत घुंगरू होते. युरोपने तिच्याकडे बघितलं, आणि मग तिला रंगमंचावर आणताना तिचा नाच काढून घेऊन स्वतःचा घातला. त्यातून जे निर्माण झालं ते अप्रतिम आहे हे मी वर म्हटलंच आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत पेतिपावर चार पानं, मिंकूसवर एक, मागच्या शंभर वर्षांतल्या निकियांचे फोटो, आणि अमनीचं नावही नाही, असं का असावं?

कार्यक्रमपत्रिकेत दोन पानं आम्हाला द्या. ‘देवदासी म्हणजे मंदिरातली वेश्या’ किंवा ‘देवदासी म्हणजे पवित्र पुजारीण’ असलं एका ओळीचं काही छापू नका, ही दोन्ही खोटी आहेत. असं छापा की त्या जमिनीचं उत्पन्न खाणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, ताल आणि राग घरच्यासारखे जाणणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांना नकाराचा हक्क नव्हता. असंही छापा की मुंबई इलाख्यात १९३४ साली मुलींना देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला, आणि गोव्यात आमच्याच लोकांनी गोमंतक मराठा समाज उभा करून मुलींना देवळातून शाळेत आणलं. राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी स्वतःचा जन्म न लपवता त्याबद्दल लिहिलं. माझी आजी सात यत्ता शिकली ती त्या चळवळीमुळे. आईने गाणं शिकवलं, पण हार्मोनियम घेऊन, शाळेत, पगारावर.

आणि केसरबाईंचं नाव छापा. केसरबाई केरकर याच अंत्रुजातल्या केरी गावच्या, कलावंत घरातल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यातल्या संगीतात भारतातून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. तुमची निकिया पहिल्यांदा रंगमंचावर आली १८७७ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी ज्यांना ‘बायलादैरा’ म्हणायचे त्यांच्यातल्याच एका बाईचा आवाज पृथ्वी सोडून गेला. हा योगायोग तुमच्या प्रेक्षकांना सांगावासा वाटत नसेल, तर मग काय सांगावंसं वाटतं?

नृत्यरचनाकारांना शिकवायला मी येत नाही. बॅलेतलं मला फार कळत नाही. पण एका गोष्टीसाठी मला बोलवाल तर मी स्वखर्चाने येईन. पणजीच्या आईचे घुंगरू माझ्या पेटीत आहेत. दोन पायांचे मिळून ते इतके जड आहेत की लहानपणी मला ते एका हाताने उचलत नसत. निकिया करणाऱ्या मुलीने तालमीत एकदाच ते बांधावेत आणि साखरपुड्याच्या समारंभात ती जिथून येते तिथून राजापर्यंत नुसतं चालून जावं. दर पावलाला सगळी सभा वळून बघते, लपून कुठे जाता येत नाही, हे तिला तेव्हा कळेल. मग घुंगरू सोडून ठेवावेत, बोटांच्या टोकावर नाचायचे पॉइंटचे बूट चढवावेत, आणि पेतिपाचा नाच करावा.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
अंत्रुजातल्या एका कलावंत घरातली लेक